खूण

त्या हिवाळ्यात तिबिलिसीत वीज यायची ती
उसनी साखर मागायला आल्यासारखी,
दारातूनच परतायची.
मी तालमीचा पियानोवाला.
बोटं कापलेले लोकरी हातमोजे,
आणि पियानोचा मधला एक सूर मुका.
तो आला की मी तोंडानं गायचो.
मुली हसायच्या. हसण्याची वाफ व्हायची.

दारेजान बाई ओव्हरकोटातच यायच्या,
एक खुबा दुखरा, दुसरा हट्टी.
खिशात सात अक्रोड.
ते फरशीवर मांडायच्या: हा वाझा, ही एतेरी,
हे मागचे चार, आणि हा फुटका.
"फुटका इथून निघतो. कुणाला न सांगता."
असा तो बॅले रचला गेला.
एका रात्री फारच भूक लागली तेव्हा
मागच्यांतले दोघं आम्ही फोडून खाल्ले.
दुसऱ्या दिवशी बाईंनी रचना पाचांची केली.
पुढे एका समीक्षकानं
त्या दोन रिकाम्या जागांवर पानभर लिहिलं.
आम्ही काही बोललो नाही.

मेणबत्ती एकच,
राळेच्या डब्याशेजारी.
आरसे विहिरीसारखे काळे.
एतेरीच्या बुटांची टोकं मऊ पडायची,
ती त्यांत सुतारी सरस ओतून
रॉकेलच्या स्टोव्हपाशी वाळवायची,
सगळ्या खोलीला तबेल्याचा वास.
"पाय कुठले, खूर झालेत," म्हणायची,
आणि खुरांवर उभी राहायची
अशी, की मी सूर चुकायचो.

बाई डोळे मिटून बघायच्या.
पाऊल फरशीला लागलं की
त्यांना तेवढं पुरायचं.
"वाझा, उशीर."
वाझा अंधारात मान डोलवायचा,
ती मानसुद्धा त्यांना ऐकू जायची.

थंड अंगानं उडी मारली तर स्नायू फाटतो,
म्हणून पहिला तास सगळे हातांनीच नाचत.
तळवा म्हणजे पाऊल,
मनगट म्हणजे घोटा,
दोन बोटं उचलली की झेप.
याला म्हणायचं खूण करणं.
कोटातली माणसं हात नाचवत उभी,
बाहेरून कुणी डोकावलं असतं तर वाटलं असतं
बटाट्याच्या भावावरून जुंपली आहे.

फेब्रुवारीतला एक गुरुवार.
शेवटचा भाग.
वाझानं एतेरीला उचललेलं,
आणि दिवे आले.

आरशात आम्ही सगळे.
बापरे, किती वाळलो होतो.
एतेरीच्या स्वेटरचं कोपर उसवलेलं,
आणि ती वरून, हवेतून, तेच बघत होती.
वाझानं तिला खाली ठेवलं
टोपलीत अंडी ठेवावीत तसं,
आणि मग एकच पळापळ.
कुणाला पीठ मळायचं, कुणाला पाणी तापवायचं,
एतेरीला तान्ह्याला न्हाऊ घालायचं,
बूट न काढताच धावली,
चार मजले जिन्यावर खूर वाजत गेले.

मीही निघालो. अर्ध्या जिन्यात आठवलं, टोपी राहिली.

बाई आरशासमोर उभ्या होत्या,
कोटाची बटणं गळ्यापर्यंत.
उजवा हात एतेरी.
डावा हात वाझा.
डाव्यानं उजव्याला मनगटाखाली धरलं,
वर नेलं, हनुवटीच्या वर, कपाळाच्या वर,
आमच्या तालमीत तो तिला खाली ठेवायचा.
इथे त्यानं सोडून दिलं.
हात वरच राहिला.
सुरकुतलेला, करंगळी थोडी वाकडी,
कुणाच्याही आधाराशिवाय,
बराच वेळ.

तेवढ्यात वीज गेली.

अंधारात अस्तराची सळसळ,
एक, दोन, तीन, पुन्हा पहिल्यापासून,
आणि बाईंचा आवाज, आपल्याच डाव्या हाताला:
"वाझा, उशीर."

मी दारात. श्वास धरून मोजत होतो.
मुक्या सुराची जागा आली
तेव्हा राहवलं नाही, हळूच गायलो.

सळसळ थांबली नाही.
"टोपी पियानोखाली आहे," बाई म्हणाल्या,
"आणि हा सूर
जरा खाली लागतोय तुझा. पहिल्या दिवसापासून."